माझ्या नावाचं कारंजं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख, आदरणीय अध्यक्ष महाराज. साऱ्या शहराला पाणी पुरवणारे आजचे प्रमुख पाहुणे, मुख्य अभियंता साहेब. हा सोहळा इतक्या हौसेनं घडवून आणणारे आपले प्राचार्य महोदय. व्यासपीठावरचे इतर मान्यवर, माझे सहकारी, कार्यालयातली आणि प्रयोगशाळेतली मंडळी, आजी-माजी विद्यार्थी. आणि पहिल्या रांगेत बसून, मी उभी राहिल्यापासून मला डोळ्यांनी खुणा करणारे माझे यजमान,

आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आत्तापर्यंत माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की मधूनच मला वाटलं, ही बाई कोण, एकदा भेटायला हवी. तुम्ही पुष्पगुच्छ दिलात, माझं नाव कोरलेलं हे भलंमोठं काचेचं भांडं दिलंत, सगळ्याबद्दल मनापासून आभार. आभार आधीच मानून ठेवते. पुढे जे बोलणार आहे, त्यानंतर ते तुमच्या कानांवर नीट पडतील की नाही याची मला खात्री नाही.

सकाळी निघताना यजमान म्हणाले, "अगं, आज निरोप आहे. दोन गोड शब्द बोल, डोळ्यांना रुमाल लाव आणि खाली बस. कुणाशी भांडू नकोस." मी म्हटलं, "भांडायला आहे काय आता?" खरंच सांगते, मी गोड भाषण लिहून आणलं होतं. पर्समध्ये आहे अजून. त्यात प्राचार्यांचे आभार आहेत, कार्यालयाच्या सहकार्याचा उल्लेख आहे, शेवटी थोडं गहिवरणंही आहे. ते भाषण तसंच राहू दे. कारण मी फाटकातून आत आले आणि सवयीप्रमाणे सभागृहाकडे न वळता विज्ञान विभागाच्या मागे गेले. आयुष्यभर दिवसाची सुरुवात तिथूनच केली आहे. म्हटलं, आज शेवटचा दिवस, तळ्याला भेटून यावं.

तळं नव्हतं.

हसू नका. मी विनोद करत नाहीये. जिथे पाणी होतं तिथे एक कोरडा खड्डा होता. खड्ड्याच्या कडांना न्हाणीघरात लावतात तशा निळ्या फरश्या. मधोमध एक लोखंडी पाइप उभा. बाजूला सिमेंटच्या पोत्यांची थप्पी आणि पोत्यांवर ठेकेदाराचा माणूस निवांत डबा खात बसलेला. मी विचारलं, "हे काय चाललंय?" तो म्हणाला, "कुणी मॅडम रिटायर होतायत, त्यांच्या नावाचं कारंजं आहे. घाण होती इथे, काढली सगळी. येत्या आठवड्यात तळाला सिमेंट पडलं की झालं काम." मी म्हटलं, "ती मॅडम मीच." तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अभिनंदन, मॅडम."

बिचाऱ्याचा काय दोष? त्याला सांगितलं ते त्यानं केलं.

प्राचार्य महोदय, मघाशी आपण म्हणालात, "मॅडमना आम्ही एक गोड धक्का देणार आहोत." धक्का बसला. आपला हेतू पूर्ण सफल झाला आहे. मी रजेवर जाईपर्यंत तुम्ही सगळे थांबलात, मी जाताच पंप लावलात, आणि महाविद्यालयातल्या एकाही माणसानं तोंडातून ब्र काढला नाही. एरवी परीक्षेचं वेळापत्रक फुटतं, कुणाची बदली होणार ते फुटतं, कुणाच्या घरी काय भांडण झालं तेही दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये पोचतं. हे एवढं एकच गुपित तुम्ही पाळलंत! कौतुक आहे.

माझ्या रजेत मला एक फोन सारखा यायचा. आमच्या विभागातली धाकटी प्राध्यापिका, माझीच विद्यार्थिनी. "मॅडम, तुम्ही परत कधी येताय? जरा लवकर नाही का येता येणार?" मी विचारायचे, "का गं, काही अडलंय का?" तर ती विषय बदलायची. मला वाटायचं, पोरीला माझ्याशिवाय करमत नाही. मनातून सुखावलेसुद्धा. आज सकाळी कळलं, तिला बजावून सांगितलं होतं, की मॅडमना कळलं तर सगळी मजा जाईल आणि ती तुझ्यामुळे गेली असं आम्ही धरू. अजून तिची नोकरी कायम व्हायची आहे. ती काय बोलणार?

तिच्याकडे मी परत येईन. आधी तुम्हाला सांगते, तुम्ही काढलंत काय.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, घाण. प्राचार्यांनी छापलेल्या, आजच हातात पडलेल्या कार्यक्रमपत्रिकेत आहे, "दुर्लक्षित डबक्याचा कायापालट". आणि विद्यार्थी मला पाठीमागे 'डबकं मॅडम' म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे. मागच्या रांगेतल्यांनी इतकं दचकायचं कारण नाही, मला ते नाव आवडतं. पण ते डबकं नव्हतं. ही आपली इमारत ज्या दगडात बांधली, तो दगड जिथून काढला ती ही खाण. चुनखडीचा दगड, खाली झरा लागला, खाण सोडून दिली, पाणी साठलं. साबणाला फेस येणार नाही असलं जड पाणी. बाहेरचा एक नाला त्यात येत नव्हता, कुणाचं सांडपाणी येत नव्हतं. स्वच्छ, शांत, चुन्यानं भरलेलं पाणी. आणि अशा पाण्यात, नेमकं अशाच पाण्यात, राहते ती कारा.

कारा म्हणजे हिरवं शैवाल. लगेच नाकं मुरडलीत ना? शैवाल म्हटलं की लोकांना टाकीच्या भिंतीवरचं बुळबुळीत काहीतरी आठवतं. कारा बुळबुळीत नाही. हात लावलात तर खरखरीत लागते. पाण्यातला चुना ती अंगावर चढवून घेते, पांढरा थर बसतो, वाळली की कुडकुडीत होऊन हातात मोडते. लांबून बघणाऱ्याला ती शैवाल वाटतच नाही. खोडासारखा मधला दांडा, त्याला पेरं, प्रत्येक पेरावर बारीक फांद्यांचा गोल घेर. आमच्याकडे नवा आलेला प्रत्येक विद्यार्थी तिला झाड समजून मुळं शोधतो. मुळं नसतातच. गाळात रुतलेले नुसते पारदर्शक धागे असतात, तेवढ्यावर ती उभी. पान नाही, खोड नाही, फूल नाही, तरी थाट बघा. एक गोष्ट मात्र कबूल करते, तिला वास येतो. सडलेल्या लसणासारखा. आमच्या घरी विचारा. मी तळ्यावरून गेले की हे दार उघडायच्या आधीच ओळखतात. बघा, मान हलवतायत.

आणि आत काय आहे, सांगू? तिच्या दोन पेरांमधला जो भाग असतो, तो बराचसा एकाच पेशीचा. तुमच्या-माझ्या अंगातली पेशी डोळ्यांना दिसायची नाही. हिची बोटाच्या पेराएवढी, कधी त्याहून लांब. वरचा कोवळा शेंडा घ्यावा, ज्यावर अजून चुना चढलेला नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. आतला पेशीरस फिरताना दिसतो. एका बाजूनं वर, दुसऱ्या बाजूनं खाली, न थांबता. आमची धाकटी प्राध्यापिका पहिल्या वर्षाला होती तेव्हा तिला दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून तोंड पाडून वनस्पतिशास्त्रात आली होती. प्रात्यक्षिकाला तिनं भिंगात डोळा घातला आणि उठेचना. बाकीच्या मुली घरी गेल्या. मी म्हटलं, "अगं, प्रयोगशाळा बंद करायची आहे." तर म्हणते, "मॅडम, हे थांबत नाही का?" म्हटलं, "तू घरी गेलीस तरी थांबणार नाही. उद्या ये, बघ." ती दुसऱ्या दिवशी आली, आणि त्यानंतर रोजच आली. आज ती त्याच तळ्यातल्या कारेवर प्रबंध लिहिते आहे. लिहीत होती म्हणू का आता?

काही निरीक्षणं घ्यायची राहिली होती. ती पाइपाभोवती घ्यायची की फरशीवर, ते मार्गदर्शक म्हणून मी तिला काय सांगू? तुम्हीच सांगा.

अध्यक्ष महाराज, आपण घड्याळ पाहिलंत. बरं झालं, मला त्या घड्याळाबद्दलच बोलायचं आहे. मघाशी पुष्पगुच्छ देताना आपण फार सुंदर आठवण सांगितलीत. आपण इथे विद्यार्थी असताना त्या खाणीच्या काठावर मित्रांशी मस्ती करत होतात आणि वडिलांनी दिलेलं घड्याळ पाण्यात पडलं. आपण म्हणालात, "पाणी एवढं खोल, पण काठावरून घड्याळ तळाशी पडलेलं स्वच्छ दिसत होतं." मग कुणीतरी बुडी मारून ते काढलं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण अध्यक्ष महाराज, ते घड्याळ दिसलं कुणामुळे, हा प्रश्न आपल्याला कधी पडला का?

तिच्यामुळे. कारेमुळे. तळाशी तिची जाडजूड सतरंजी पसरलेली असते, ती गाळ उठू देत नाही. पाणी हिरवं-गढूळ करणाऱ्या बारीक शैवालांना जे अन्न लागतं ते ती स्वतःच खाऊन टाकते. तिच्यात गोगलगायी राहतात, बेडकांची पिल्लं राहतात, चतुरांची पिल्लं राहतात, आणि ती सगळी आपापल्या परीनं झाडलोट करत असतात. पाणी स्वच्छ असेल तर ती राहते, आणि ती राहिली म्हणून पाणी स्वच्छ राहतं. साबणाचं, खताचं, गटाराचं पाणी आत आलं की सगळ्यात आधी ती जाते. भांडण नाही, तक्रार नाही, निघून जाते. एखाद्या पाण्यात कारा दिसली तर डोळे मिटून सांगावं की इथे अजून माणसांनी फार लक्ष घातलेलं नाही.

आपल्या घड्याळाची राखण जिनं केली, तिला आपण घाण म्हणून उपसून टाकलंत! आणि पुन्हा त्यावर माझं नाव!

नाही, प्राचार्य महोदय, पाणी नको. माझा आवाज ठीक आहे.

आता पुढे काय होणार, तेही सांगून ठेवते. तळाला सिमेंट पडेल. कारंजं सुरू होईल, रात्री लाल-पिवळे दिवे लागतील. नळाचं पाणी भरलं जाईल. अभियंता साहेब, तुमचं पाणी आम्हा माणसांना प्यायला उत्तम, तुमच्या खात्याला माझा नमस्कार, पण त्यातलं औषध पाण्यातल्या जिवांना सोसत नाही. मग शोभेचे मासे सोडले जातील. पत्रिकेत छापलंय, "रंगीबेरंगी मत्स्यसंपदा". मासे म्हणजे माशांचं खाणं, मुलं त्यांना वेफर्स टाकणार, ते कुजणार. थोड्याच दिवसांत पाणी हिरवंगार, दाट, पालेभाजीच्या पातळ आमटीसारखं. तो हिरवेपणाही शैवालांचाच, पण ती वेगळी जात, कुठेही माजणारी. मग डास. मग प्राचार्य महोदय बैठक बोलावतील, फवारणी होईल, मासे मरतील. आणि त्या सगळ्याच्या वर संगमरवरात माझं नाव. म्हणजे कुणीही नाकाला रुमाल लावून जाताना म्हणेल, "ही कोण बाई होती बुवा?"

मला राग कशाचा येतो, सांगू? मला विचारलं नाहीत याचा येतोच. पण त्याहून जास्त याचा येतो, की ज्या मुलीला विचारता येत होतं, जी समोर उभी राहून सांगत होती, तिचं ऐकलं नाहीत. ती प्राचार्यांच्या खोलीत गेली होती. मला तिनं सांगितलं नाही, मला कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, त्यांनी सगळं ऐकलं. ती म्हणाली, "सर, तिथे माझं काम आहे." सर म्हणाले, "काम प्रयोगशाळेत करा ना, तिथे फरशी आहे, पंखा आहे." ती म्हणाली, "सर, ती तिथेच उगवते." सर म्हणाले, "मग बादलीत उगवा. मॅडमच्या सन्मानाच्या आड येऊ नका. हा आडमुठेपणा बरा नव्हे."

माझ्या सन्मानाच्या आड! अहो, माझा सन्मान तीच होती. एवढी वर्षं शिकवून हातात काय राहतं? जुने खडू, पाठदुखी आणि एखादी अशी पोरगी, जी प्राचार्यांच्या टेबलासमोर उभी राहून एका शैवालासाठी भांडते. तिला तुम्ही गप्प बसवलंत आणि मला हे भांडं दिलंत.

यजमान आता खुणा करायचे थांबले आहेत. त्यांनी आशा सोडलेली दिसते.

बरं. आता कुंड्यांकडे येऊ. आज व्यासपीठावरच्या प्रत्येकाला आणि आपणा सर्व निमंत्रितांना भेट म्हणून एकेक छोटी कुंडी दिली आहे. पायाशी ठेवली असेल, बघा. पत्रिकेत लिहिलंय, "मॅडमच्या हरित कार्याची आठवण". माझी कुंडी ही इथे टेबलावर आहे. इतर मान्यवर बोलत होते तेव्हा मी जरा तिच्याकडे बघत बसले. शिष्टाचाराला धरून नव्हतं, पण स्वतःची स्तुती चालू असताना बघायचं तरी कुठे?

तर बघता बघता मला काही गोष्टी दिसल्या. पहिली गोष्ट, कुंडीला खाली भोक नाही. होतं, पण कुणीतरी मेण घालून बुजवलंय. बागकामाची ज्याला अक्कल आहे तो असं कधी करणार नाही, मुळं कुजतील. दुसरी गोष्ट, वर पाणी उभं आहे. रोप नुसतं चिखलात खोचलंय, तेही एक काडी, त्याला मुळं आहेत का याचीच मला शंका आहे. आणि तिसरी गोष्ट, तो चिखल. बागेतली माती अशी नसते. काळा, मऊ, आणि त्यात पांढरे पांढरे चुन्याचे कण. मी बोट बुडवलं, चिमूटभर चोळलं. खरखर लागली. मग वास घेतला.

प्रमुख पाहुणे त्या वेळी बोलता बोलता माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत होते. साहेब, माफ करा, मी तुमच्या भाषणात लक्ष देत नव्हते.

तो वास मी ओळखला. हा आपल्या तळ्याचा गाळ आहे. उपसून भिंतीपलीकडे फेकलेला, ज्याला तुम्ही घाण म्हणालात तो. ज्यानं कुणी या कुंड्या भरल्या, त्याला रोप जगवायचं नव्हतं. त्याला ही माती जगवायची होती. या गाळात कारेचे बीजाणू असतात. खसखशीहून बारीक, काळपट, आणि भिंगाखाली पाहिलं तर अंगावर स्क्रूसारखे आटे. कवच असं टणक की गाळात वर्षानुवर्षं पडून राहतात, कधी कधी माणसाची अर्धी हयात जाते. वाळले तरी बऱ्याचदा तग धरतात. पण ज्यानं कुंड्या भरल्या त्याला एवढीही जोखीम घ्यायची नव्हती, म्हणून मेण लावून, पाणी घालून दिलंय. पत्रिकेतल्या भेटीच्या नावाखाली, प्राचार्यांच्या नाकाखालून, अख्खं तळं आज या सभागृहात तुमच्या पायांशी आणून ठेवलंय.

कुणी भरल्या या कुंड्या? मला माहीत नाही. मी विचारणारही नाही, आणि अध्यक्ष महाराज, माझी हात जोडून विनंती आहे, आपणही विचारू नये. कुणीही विचारू नये. आणि कृपा करून तिसऱ्या रांगेकडे वळून बघू नका, तिथे एक मुलगी रडते आहे, तिला रडू द्या.

तर आता विनंत्या. पहिली, आपणा सर्वांना. घरी गेलात की ती काडी उपटून टाका. काचेच्या बरणीत हा गाळ ठेवा, वर स्वच्छ पाणी भरा, नळाचं असेल तर आधी उघडं ठेवून थोडं शिळं करून घ्या, आणि बरणी खिडकीत उजेडाला ठेवा. कडक ऊन नको. खत घालू नका, हलवू नका, रोज उचलून "उगवलं का गं?" असं विचारू नका. कदाचित काहीच येणार नाही. कदाचित काही आठवड्यांनी एक बारीक हिरवा धागा वर येईल, मग त्याला पेरं फुटतील. शेंडा चोळून वास घ्या. घरातली मंडळी नाक दाबून ओरडली, की समजा, तीच.

दुसरी विनंती अध्यक्ष महाराजांना. माझ्यानंतर आपला अध्यक्षीय समारोप आहे. त्यात माझी स्तुती नको, पुरे झाली. मला फक्त एक वाक्य ऐकायचं आहे, की तळाला सिमेंट पडणार नाही. फरश्या राहू द्या, काढायला खर्च नको. पाइप पण राहू द्या, त्यावर एखादा पक्षी बसेल. झरा अजून जिवंत आहे, मी सकाळी पाहिलं, एका कोपऱ्यात ओल धरली आहे. पंप बंद करा आणि पाणी आपोआप येऊ द्या. आणि एक गंमत सांगते. कारा नव्या खणलेल्या, उघड्या पडलेल्या तळावर आधी येते. खाली दबलेले बीजाणू खरवडून वर आले की ते जागे होतात. म्हणजे तुम्ही नकळत तिचं अंथरूण झाडूनच दिलंय. आता त्यावर सिमेंट ओतू नका, एवढंच मागणं आहे.

तिसरी विनंती प्राचार्य महोदयांना. त्या मुलीचं कायम होण्याचं प्रकरण आपल्या टेबलावर आहे. आज मी जे बोलले ते मी बोलले. रागवायचं तर माझ्यावर रागवा. मी आजपासून निवृत्त आहे, तुमच्या हाताला लागायची नाही. पण माझ्यावरचा राग तिच्यावर निघाला, तर मी रोज येऊन आपल्या दारात बसेन, आणि तळ्यावरून सरळ तिथेच येईन. वासाचं मी आधीच सांगितलं आहे.

हसलात! चला, बरं वाटलं.

सूत्रसंचालकांनी माझ्या हातात ही रेशमी दोरी दिली आहे. ही ओढली की तो मखमली पडदा सरकेल आणि माझ्या नावाचा फलक दिसेल. दोरी मी ओढणार नाही. इथे टेबलावर ठेवते. आणि हे तुमचं काचेचं भांडं. फार सुंदर आहे, मला खरंच आवडलं. माझ्या कुंडीतला गाळ मी यात ओतते आहे, तुमच्या समक्ष. हं. टेबलक्लॉथवर थोडं सांडलं, माफ करा. आणि हा जगमधल्या, एव्हाना शिळ्या झालेल्या पाण्याचा घोट वर. प्राचार्य महोदय, आपण मघाशी पाणी देत होतात, ते असं कामी आलं. हे भांडं मी घरी नेणार नाही. ते आमच्या विभागाच्या खिडकीत राहील. त्यावर नाव आहेच माझं, निराळ्या फलकाची गरज नाही. सफाई करणाऱ्या मंडळींना एवढंच सांगते, ते घासू नका.

अध्यक्ष महाराज... अहो, हे काय? मंडळी, अध्यक्ष महाराजांनी आपल्या कुंडीतली काडी उपटलीसुद्धा! नाही, नाही, तिचा लसणासारखा वास आत्ता येणार नाही, आत्ता नुसता तळ्याच्या गाळाचा आहे. पण असू दे, घ्या. आठवला का वास? तुमच्या घड्याळाचा?

टाळ्या नकोत. वाक्य अजून यायचं आहे.

बोलता बोलता फार बोलले. निरोपाच्या प्रसंगी माणसानं गोड बोलावं, ते मला जमलं नाही. कुणाला टोचलं असेल, कुणाचा मान राहिला नसेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. ज्यांनी खुर्च्या मांडल्या, ज्यांनी फुलं आणली, ज्यांनी ध्वनिक्षेपक लावला आणि तो मधेच बंद केला नाही, त्यांचे आभार. कुंड्या ज्यानं भरल्या त्याचे आभार मी मानणार नाही, माझ्याकडे तेवढे शब्द नाहीत. यजमान, चला, उठायला हरकत नाही.

आणि हो, जाता जाता. माझे गमबूट प्रयोगशाळेच्या दारामागे आहेत. ते मी आज घरी नेत नाहीये. कुणी हौसेनं ते घासूनपुसून, गुंडाळून मला भेट देऊ नये.

नमस्कार.